बाळाला घेऊन परदेशात निघालात? विमानाइतकीच टॅक्सीचीही तयारी करा

परदेशाचं तिकीट निघालं की घरात याद्या सुरू होतात. बाळाचा पासपोर्ट, व्हिसा, डायपर, खिमटीचं पीठ, तापाचं औषध, स्वेटर. पण एक प्रश्न या यादीत बहुतेक वेळा येतच नाही. तिकडच्या एअरपोर्टवर उतरल्यावर दीड वर्षाचं बाळ टॅक्सीत कुठे बसणार?

‘मांडीवर, अजून कुठे?’ हे आपलं ठरलेलं उत्तर. विमानातही तेच, टॅक्सीतही तेच. पण मांडी खरंच सुरक्षित आहे का? आणि वेगवेगळ्या देशांचे नियम काय सांगतात? समजून घेऊया.

विमानात मांडीवर बसवायला परवानगी आहे, मग अडचण काय?

दोन वर्षांखालच्या बाळाला विमानात स्वतंत्र सीट घ्यावी लागत नाही. दोन वर्षं पूर्ण झाली की घ्यावी लागते. जाताना बाळ २३ महिन्यांचं असेल आणि परतीच्या आधी त्याचा दुसरा वाढदिवस येत असेल, तर परतीच्या प्रवासासाठी त्याला वेगळी सीट लागते. हे बुकिंग करतानाच बघून घ्या.

पण परवानगी आहे म्हणजे धोका नाही, असं नाही. अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए स्पष्ट सांगते, की दोन वर्षांखालच्या बाळासाठी विमानातली सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे त्याच्या स्वतःच्या सीटवर बसवलेली मान्यताप्राप्त चाइल्ड सीट, पालकांची मांडी नव्हे.

कारण आहे टर्ब्युलन्स. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं सिंगापूर एअरलाइन्सचं एसक्यू ३२१ विमान म्यानमारच्या आकाशात अचानक जोरात हादरलं. ते बँकॉकला उतरवावं लागलं. एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पट्टा न लावलेली मोठी माणसं जिथे छतावर आपटतात, तिथे हातात धरलेलं बाळ हातात राहील, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

मग सीटची सक्ती का नाही?

जुलै १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटी इथे युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट २३२ चा अपघात झाला. त्या विमानात मांडीवर बसवलेली चार मुलं होती, त्यातलं एक दगावलं. त्यानंतर अमेरिकेची अपघात तपास संस्था एनटीएसबीने लहान मुलांसाठी चाइल्ड सीट सक्तीची करण्याची मागणी लावून धरली.

एफएएने सक्ती केली नाही. त्यांचं म्हणणं असं, की बाळाचंही पूर्ण तिकीट काढावं लागलं, तर अनेक कुटुंबं विमान सोडून कारने जातील आणि रस्त्यावरचा धोका विमानापेक्षा कितीतरी जास्त आहे.

हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. तुमच्या संपूर्ण प्रवासातला जास्त धोक्याचा टप्पा नऊ तासांच्या विमानाचा नाही, तर त्यानंतरच्या पाऊण तासाच्या टॅक्सीचा आहे.

टॅक्सीत घट्ट धरून बसलं तर?

साधं गणित करू. टॅक्सी ताशी ४० किलोमीटर वेगाने जाते आहे आणि धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. त्या क्षणी १० किलोचं बाळ धरून ठेवायला साधारण ११० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. तीही अचानक, बेसावध असताना. आईचं प्रेम कितीही असलं, तरी हे हातांच्या ताकदीबाहेरचं आहे.

आणखी दोन गोष्टी लोक सर्रास करतात. एक, स्वतःचा सीटबेल्ट बाळाभोवतीही गुंडाळणं. यात धडक बसली की आपल्या शरीराचा सगळा भार बाळावर येतो आणि ते पट्टा व आपल्यामध्ये चिरडलं जातं. दुसरी, बाळाला कॅरियरमध्ये छातीशी बांधून बसणं. कॅरियर चालण्यासाठी बनवलेला असतो, अपघाताचा झटका सहन करण्यासाठी नाही.

कुठल्या देशात काय नियम?

ब्रिटन: कारमध्ये १२ वर्षांपर्यंत किंवा १३५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत चाइल्ड सीट लागते. मात्र लायसन्स असलेल्या टॅक्सीत योग्य सीट नसेल, तर तीन वर्षांखालच्या मुलांना मागच्या सीटवर तशीच बसवायला सूट आहे.

सिंगापूर: १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट हवी. टॅक्सीला यातून सूट आहे, पण अ‍ॅपवरून येणाऱ्या खासगी गाड्यांना नाही. त्यामुळे दोन्ही एकच समजू नका.

दुबई आणि बाकी यूएई: चार वर्षांखालच्या मुलांसाठी चाइल्ड सीट बंधनकारक आहे. गाडी बुक करतानाच सीट मिळेल का, ते विचारा.

ऑस्ट्रेलिया: सीट तिथल्याच स्टँडर्डची लागते. भारतातून नेलेली सीट तिथे कारमध्ये चालत नाही, त्यामुळे तिथे भाड्याने घेणं सोपं.

आणि आपल्याकडे? २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार १४ वर्षांखालच्या मुलांना सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीट आवश्यक आहे, नाहीतर १,००० रुपये दंड.

टॅक्सीला दिलेली सूट ही सोयीसाठी असते. कायद्याने सूट दिली, म्हणून धडकेचा जोर कमी होत नाही.

मग नेमकं करायचं काय?

पहिला पर्याय, घरची सीट सोबत नेणं. अनेक एअरलाइन्स चाइल्ड सीट फुकट नेतात, पण बुकिंग करताना विचारून घ्या. बाळासाठी वेगळं तिकीट काढलं असेल, तर हीच सीट विमानात वापरता येते का, ते सीटवरच्या लेबलवर बघा. विमानात वापरता येईल असं तिथे लिहिलेलं असतं. विमानात ती शक्यतो खिडकीजवळ लावा, म्हणजे बाकीच्यांची वाट अडत नाही.

दुसरा पर्याय, एअरपोर्टवरून जाण्यासाठी चाइल्ड सीटवाली गाडी आधीच बुक करणं. बाळाचं वय, वजन आणि उंची कळवा. ‘बेबी सीट’ एवढंच सांगितलं, तर मोठ्या मुलाचा बूस्टर समोर येऊ शकतो.

तिसरा पर्याय, एअरपोर्टवरून मेट्रो किंवा ट्रेन घेणं. लंडन, सिंगापूर, दुबई, तिन्ही ठिकाणी एअरपोर्टपर्यंत रेल्वे आहे. सामान कमी असेल तर हा उत्तम मार्ग.

सीट लावताना आणि उतरताना

- सीट मागच्या बाजूलाच लावा. बाळाचं तोंड मागे असेल अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीच नको.
- सीटबेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. सीट एका इंचापेक्षा जास्त हलत असेल, तर पुन्हा घट्ट करा.
- थंडीच्या देशात जाड जॅकेट काढून मगच पट्टे बांधा, नाहीतर ते आतून सैल राहतात. वरून पांघरूण घाला.
- दुबई, अमेरिका आणि युरोपातल्या बहुतेक देशांत गाड्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे फूटपाथ उजवीकडे. आपल्या सवयीने डावं दार उघडलं, तर बाळ थेट वाहत्या रस्त्यावर उतरेल.
- विमानात बाळाला आइलच्या बाजूला बसवू नका. गरम चहा-कॉफी तिथूनच पुढे दिली जाते.
- विमान खाली उतरायला लागलं की बाळाला दूध किंवा पाणी द्या. गिळल्याने कानातला दाब कमी होतो.
- झोप येणारं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

चाइल्ड सीटचं भाडं किंवा बाळाचं वेगळं तिकीट हा खर्च मोठा वाटू शकतो. सगळं जमणार नसेल, तर आधी टॅक्सीतल्या सीटची सोय करा. रात्री अडीचला परक्या एअरपोर्टवर, पेंगुळलेलं बाळ खांद्यावर घेऊन ती शोधावी लागू नये, म्हणून आज तिकीट बुक करतानाच ठरवून टाका.