कापलेला कर आणि लागलेला कर

आयकर म्हटला की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतो, "तो शेटजींचा विषय, आपला काय संबंध?" दुसरा म्हणतो, "साहेबांनी कापला म्हणजे गेला." दोघेही फसतात. आमची शाळा लवकर सुटली. हिशेब आम्ही कामगारांच्या पगारपत्रकांवर शिकलो. तेथे जे समजले तेवढेच आज सांगतो.

हा कर या देशात १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला. १८५७च्या उठावाने सरकारी तिजोरी खंक झाली होती. पुढे १९६१चा कायदा आला. १९७३-७४ साली सर्वांत वरच्या उत्पन्नावर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता.

२०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीचे दर असे: ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२वर १०, १२ ते १६वर १५, १६ ते २०वर २०, २० ते २४वर २५ आणि त्यापुढे ३०. ही जिन्याची पायरी आहे. वरच्या पायरीचा दर फक्त त्या पायरीवरच्या रुपयांना लागतो, साऱ्या पगाराला नव्हे. शिवाय करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर पगारदाराचा कर सूट मिळून शून्य होतो. त्याआधी ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. म्हणजे पावणेतेरा लाखांच्या पगारापर्यंत कर नाही. ही वजावट २००५ साली काढून घेतली होती. ती २०१८ साली परत आली.

आता आपल्या जिल्ह्याचा प्रश्न. २०११च्या जनगणनेत नंदुरबारची सुमारे ६९ टक्के वस्ती आदिवासी होती. तळोदा, नवापूर, धडगावकडचे नोकरदार आम्हांला विचारतात, "आदिवासींना आयकर माफ असतो ना?" माफी आहे, पण ती नागालँड, मणिपूर, त्रिपुरा, अरुणाचल, मिझोराम, सहाव्या अनुसूचीचे प्रदेश आणि लडाख येथे राहणाऱ्या आदिवासींच्या तेथील उत्पन्नाला. आपला भाग पाचव्या अनुसूचीत येतो. तेव्हा येथला आदिवासी शिक्षक आणि बिगर-आदिवासी शिक्षक कराच्या दारात सारखेच. शेतीचे उत्पन्न मात्र कोणाचेही असो, करमुक्त आहे. दुसरे करपात्र उत्पन्न मोठे असेल तर दर ठरवताना ते मोजतात, एवढेच.

खरी गोम पुढे आहे. एका कार्यालयातल्या कंत्राटी मुलीला महिना १८,००० मानधन होते. ते पगार म्हणून न दाखवता व्यावसायिक फी म्हणून दाखवले आणि दरमहा १० टक्के कापले. वर्षाचे उत्पन्न २,१६,०००, कापलेले २१,६००. तिला लागणारा कर किती? शून्य! महिन्याच्या मानधनाहून मोठी रक्कम सरकारजमा झाली होती आणि ती म्हणत होती, "दादा, कापले ते गेले." पॅन दिलेला नसता तर कपात २० टक्के झाली असती.

कापणे म्हणजे आगाऊ जमा करणे; लागणे म्हणजे वर्षअखेरच्या हिशेबात निघणे. दोहोंतला फरक परत मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावरच. सरकार आपणहून दारात पैसे आणून देत नाही. साधारणपणे जुलैअखेरपर्यंत भरावे. चुकले तर ३१ डिसेंबरपर्यंत. त्यानंतर परताव्याची वाट बिकट होते. त्या मुलीने विवरणपत्र भरले आणि पैसे तिच्या खात्यात आले.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या जागी २०२५चा कायदा लागू, असे ठरले. कलमांचे आकडे बदलतील. पण कापलेले आणि लागलेले ताडून पाहण्याचे काम आपलेच राहील. म्हणून घरी गेल्यावर एक करा: आपल्या पॅनवर वर्षभरात किती कर जमा झाला, ते विवरण काढून पाहा. शेजारी कंत्राटी कामगार असेल तर त्याचेही पाहा. संघटना तेथूनच सुरू होते.