मानेचे मणके : सांधावेत की चकती बदलावी?

मनुष्याची मान म्हणजे सात मणक्यांचा लहानसा खांब. सुमारे पाच किलो वजनाचे मस्तक हा खांब जन्मभर तोलून धरतो, आणि वर ते मस्तक चहूकडे वळवितोही. पहिले दोन मणके सोडले तर प्रत्येक जोडीमध्ये एक लवचीक चकती असते. वयपरत्वे ती सुकते व झिजते. कधी फुटून मागे सरकते आणि मज्जातंतूच्या मुळावर दाब पडतो. मग खांद्यापासून बोटांपर्यंत कळा येतात, मुंग्या येतात, हाताची शक्ती जाते. सिल्वासा येथील कारखान्यात मान वाकवून यंत्र पाहणारा कामगार असो, की डोईवर भारा वाहणारी गावातील बाई असो, हात गेला की घराची चूल अडते.

अशा रोग्यापुढे आज दोन शस्त्रक्रिया ठेवण्यात येतात. दोहोंचा आरंभ सारखाच. गळ्याच्या पुढील बाजूस लहान छेद घेऊन श्वासनलिका व अन्ननलिका हळूच बाजूस सारतात, बिघडलेली चकती काढतात व मज्जातंतू मोकळा करतात. भेद आहे तो रिकाम्या जागी काय बसवायचे, यात.

पहिला मार्ग मणके सांधण्याचा. अमेरिकेत स्मिथ व रॉबिन्सन यांनी 1955 साली आणि क्लॉवर्ड यांनी 1958 साली तो वैद्यकजगतापुढे मांडला. त्या काळी कमरेच्या हाडाचा तुकडा तेथे बसवीत. आता बहुधा पोकळ ठोकळा, धातूची पट्टी व स्क्रू वापरतात. काही महिन्यांत दोन मणके एकजीव होतात. हा मार्ग दीर्घ अनुभवाने पारखलेला आहे. मात्र तेवढी हालचाल कायमची थांबते व शेजारच्या चकत्यांवर अधिक भार येतो. सांधलेल्या मणक्यांच्या शेजारी दहा वर्षांत सुमारे चौथाई रोग्यांना नवा त्रास होण्याचा संभव 1999 मधील एका अमेरिकन अभ्यासाने वर्तविला. त्यात दोष सांधण्याचा किती व वयाचा किती, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचे हाड नीट जुळत नाही, हेही येथे ध्यानी घ्यावे.

दुसरा मार्ग कृत्रिम चकतीचा. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने मानेच्या अशा चकतीस 2007 साली प्रथम मान्यता दिली. हिच्यामुळे मान त्या ठिकाणी हलती राहते. निवडक रोग्यांवरील चाचण्यांत वेदनाशमन सांधण्याइतकेच चांगले आढळले, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी काहीशी कमी आली. परंतु ‘निवडक’ हा शब्द विसरू नये. हाडे ठिसूळ असतील, मणक्यांचे मागील सांधे झिजलेले असतील किंवा मणका जागेवरून सरकत असेल, तर ही चकती योग्य नव्हे. कित्येकदा तिच्याभोवती नवे हाड वाढून हालचाल थांबतेही.

तेव्हा ‘नवे ते उत्तम’ किंवा ‘जुने ते खात्रीचे’ अशा वचनांवर निर्णय सोपवू नये. सिल्वासा येथील सरकारी रुग्णालयात आधी प्रकृती दाखवावी. पुढे वापीहून गाडीने सुरतेस वा मुंबईस दुसऱ्या तज्ज्ञाकडे जाणे झाले, तर जुन्या फिल्मा व कागद बरोबर न्यावेत. ‘माझ्या मणक्यांना यांपैकी कोणता मार्ग मानवेल व का?’ असे स्पष्ट विचारावे. चकतीचा खर्च आयुष्मान योजनेत बसतो की नाही, याची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करावी. शेत गहाण पडल्यावर करून काय उपयोग?

शिवाय हाताकडे जाणारी कळ पुष्कळ जणांची औषधे व व्यायाम यांनी काही आठवड्यांत ओसरते. तेथे घाई नको. परंतु सदऱ्याची गुंडी लावता येईना, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर खुद्द मज्जारज्जू दबत असण्याचा संभव असतो. अशा वेळी मान मोडून घेण्यासाठी कोणाकडे जाऊ नये व एक दिवसही दवडू नये. मज्जारज्जूची झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही. घरातील वडील मंडळींच्या हातून पेला वारंवार निसटत असेल, तर त्याकडे म्हातारपण म्हणून काणाडोळा न करता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे, एवढेच आमचे सांगणे.