एकशे चार पोती

सकाळी साडेसातला मिक्सरपुढे नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि टोळीचा मुकादम हँडल मारून यंत्र सुरू करतो. धूर, खडखडाट, आरडाओरडा. कराडजवळच्या या गावात आज ताईच्या घराचा स्लॅब टाकतायत.

दाजी एसटीत कंडक्टर होते. मिक्सरशेजारी खुर्ची टाकून ते बसलेत आणि फोडलेलं प्रत्येक पोतं रिकामं झालं की त्याच्या कोपऱ्यावर लाल स्केचपेनने फुली मारतायत. मांडीवर वही. पाच फुल्या झाल्या की वहीत एक आडवी रेघ.

"काका, उन्हात कशाला बसताय? आम्ही आहोत की," ठेकेदार म्हणतो. पांढरा शर्ट, कानाला फोन.

"तुम्ही आहात म्हणूनच बसलोय."

ठेकेदार मोठ्याने हसतो. हा माणूस कशालाही हसतो, हे मी सकाळपासून पाहतोय.

ठेका मटेरियलसह दिलेला आहे, दर चौरस फुटावर. म्हणजे न वापरलेलं प्रत्येक पोतं ठेकेदाराच्या खिशात. करारात एम-२० काँक्रीट लिहिलंय: एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. त्यासाठी लाकडी फरमाही आणलाय. त्यात बरोबर एका पोत्याचं, म्हणजे सव्वा घनफूट माप बसतं. पोत्यामागे दीड फरमा क्रश सँड, तीन फरमे खडी, असा हिशेब. तो फरमा उपडा पडलाय आणि त्यावर चहाची किटली ठेवलीय. बाया घमेल्यांनी माल भरतायत. घमेली शिगोशीग, मोजायला कोणी नाही. मी मुकादमाला विचारतो. तो नांदेडकडचा, अंगाने काटकुळा. म्हणतो, "फरम्यानं संध्याकाळ होईल साहेब. शेठनं दोनास चार सांगितलंय." आणि लगेच जीभ चावतो.

दोनास चार. वाळू दोन भाग, खडी चार. सिमेंट तेवढंच, पण माल जास्त निघतो. शंभर पोत्यांचं काम ऐंशीच्या आसपास उरकतं.

पाण्याचंही तसंच. पोत्याला पंचवीस-तीस लिटर पुरे असतं. इथे पाईप सरळ मिक्सरच्या ड्रममध्ये सोडलाय. माल पातळ झाला की आपोआप पसरतो, फावडं कमी मारावं लागतं. खाली येऊन पाहतो तर सेंट्रिंगच्या पत्र्यांच्या फटींतून राखाडी पाणी ठिबकतंय. पाणी कसलं, सिमेंटच ते.

वर आणखी गंमत आहे. व्हायब्रेटर सावलीत झोपलाय. "निडल जाम झालीय," म्हणे. एक पोरगा सळईने काँक्रीट टोचत फिरतोय, देवळात उदबत्ती ओवाळावी तसा. सळयांच्या जाळीखाली कव्हर ब्लॉक मोजके. मध्ये कितीतरी ठिकाणी जाळी थेट पत्र्याला टेकलीय. निदान वीस मिलिमीटर काँक्रीट खाली हवं, नाहीतर दोन पावसाळ्यांत सळई गंजायला मोकळी. पण माझं लक्ष गॅलरीकडे जातं. बाहेर लोंबणाऱ्या भागात मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते, कारण ताण वरच्या बाजूला येतो. इथे टोळीची ये-जा त्याच सळयांवरून चाललीय आणि त्या दबून तळाला गेल्यात. मी ओरडतो. फिटर नाहीये, तो कालच दुसऱ्या साईटवर गेला. शेवटी मुकादम स्वतः वाकतो, दोन पोरांना घेऊन सळया उचलतो, खाली खडीचे दगड सरकवतो. त्याला हे कळतं. सगळं कळतं.

इंजिनिअर? नकाशावर त्यांची सही आहे. फोनवर म्हणतात, "चालू द्या, मी येतोच." येत नाहीत.

काम मध्येच थांबवावं असं माझ्या मनात येतं, दाजींनाही सांगतो. ते मान हलवतात. अर्ध्यावर थांबलं तर जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा राहणार आणि तिथूनच गळणार. मात्र ते उठतात, पाईप पिंपात सोडतात, बादली मोजून टाकायला लावतात आणि फरम्यावरची किटली उचलतात. ठेकेदार जेवायला गेला असल्यामुळे तासभर सगळं मापात चालतं. तो परतला की पुन्हा घमेली.

चारला शेवटचा घाणा वर जातो. बाजूला रिकाम्या पोत्यांचा ढीग. ठेकेदाराचा पोरगा मोठ्याने मोजतो आणि थांबतो, "एकशे चार! घ्या काका, करारात होती तेवढीच."

दाजी ढिगाशी बसतात. एकेक पोतं उलटून कोपरा बघतात, फुलीची एकीकडे, कोरी दुसरीकडे. ठेकेदार फोनवर बोलत लांब लांब जातो. फुलीची एक्क्याऐंशी निघतात. कोरी तेवीस. त्यांतल्या काहींवर दुसऱ्याच कंपनीचं नाव, दोन-तीन पोत्यांच्या तोंडाशी सिमेंट दगडासारखं घट्ट झालेलं. दुपारी ताडपत्रीखाली झाकून आणलेली पोती ती हीच.

पोत्याला साडेतीनशे धरले तरी आठ हजार. एवढ्यासाठी.

"काका, उन्हात तुमची मोजणी चुकली असेल," ठेकेदार म्हणतो. हसूनच. "उद्या निवांत बसू." आणि बुलेटला किक मारतो.

ताई टोळीला मटण वाढते. जेवणं होतात, मिक्सर धुऊन होतो, पण टोळी हलत नाही. मुकादम हात पुसत दाजींसमोर उभा राहतो.

"काका, शेठ फोन उचलंना. आमची मजुरी रोजच्या रोज असते. मागच्या दोन स्लॅबचं बी त्याच्याकडंच अडकलंय."

"आणि तुम्ही त्याचंच ऐकून दोनास चार टाकलंत."

"न टाकून काय करू? दुसरी टोळी बोलावतो की तो."

दाजी बराच वेळ वही बघतात. मग आत जाऊन स्लॅबच्या हप्त्याचं पाकीट आणतात. टोळीची मजुरी मोजून मुकादमाच्या हातात देतात, वहीत लिहितात, "ठेकेदाराच्या हप्त्यातून वजा", त्याखाली "तेवीस पोती वजा", आणि मुकादमाची सही घेतात. तो सावकाश, अक्षर अक्षर लावून नाव लिहितो.

तेवढ्यात दाजींचा फोन वाजतो. ठेकेदार. दाजी स्पीकर चालू करून फोन पोत्यांवर ठेवतात.

"काका, ते हप्त्याचं आज रोखीतच जमेल का? टोळीवाले लई गरीब माणसं, त्यांचे द्यायचेत हो."

मुकादम फोनजवळ तोंड नेतो. "बोला शेठ," तो म्हणतो.