खालीं विस्तव, वर विस्तव

केक किंवा बिस्किटें घरीं करावयाचीं म्हटलें कीं पुष्कळ घरांतून पहिला प्रश्न निघतो तो भट्टीचा. आधीं विजेची भट्टी, मग सांचे, मग लोणी, अंडीं, मैदा अशी यादी वाढत जाते, आणि शेवटीं हिशेब पाहून मंडळी दुकानाची वाट धरतात. श्रोत्यांनो, या यादींतील बहुतेक जिनसांवांचून आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हें काम चालत आलें आहे. तें कसें, हें आज पाहावयाचें आहे.

उकडण्यांत पदार्थाला उष्णता मिळते ती वाफेंतून, आणि उघड्या भांड्यांतील वाफ शंभर अंशांच्या वर जात नाहीं. म्हणून इडली पांढरी राहते. कोरड्या आंचेंत पदार्थाचा पृष्ठभाग सुकतो, शंभराच्या बराच वर तापतो, तांबूस होतो आणि खमंग लागतो. ही कोरडी आंच चोहों बाजूंनीं मिळाली कीं काम झालें. भट्टी हें ती देण्याचें एक साधन आहे, एकमेव नव्हे. कोंकणांत व गोव्यांत जाड बुडाच्या भांड्याखालीं थोडा विस्तव ठेवीत आणि झांकणावर निखारे पसरीत. खालची आंच धातूंतून थेट पोहोंचते व लौकर करपविते. वरची झांकण तापवून, मधल्या पोकळींतून सावकाश उतरते. म्हणून निखारे वर अधिक, खालीं कमी. गोव्याची बेबिंक अशाच वरच्या धगीवर थरावर थर चढवून होते. पण तिला अंड्यांचे बलक इतके लागतात कीं काटकसरीच्या भाषणांत तिचें नांव फार वेळ घेणें बरें नव्हे.

काटकसरीला शोभणारा पदार्थ म्हणजे तवसळी. कोंकणांत कोठें कोठें याच घराण्यांतील पदार्थाला धोंडस म्हणतात. पावसाळ्याच्या अखेरीस वेलीवर जून होऊन पिवळें पडलेलें तवसें, म्हणजे मोठी काकडी, कोशिंबिरीच्या उपयोगाचें राहत नाहीं; तें येथें कामास येतें. प्रथम टोंकाकडचा तुकडा चाखून पाहावा, आणि कडू लागल्यास सारें तवसें टाकून द्यावें. तेथें काटकसर करूं नये. साल व बिया काढून कीस करावा. किसाला सुटलेलें पाणी मात्र जपावें, कारण तेंच रव्याला शिजवितें. एक वाटी तांदळाचा जाड रवा चमचाभर तुपावर परतावा. दोन वाट्या कीस पाण्यासह, पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओलें खोबरें, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड हें एकत्र उकळून त्यांत रवा वैरावा, आणि गोळा भांड्याची कड सोडूं लागेपर्यंत मंद आंचेवर ढवळावें. फार कोरडें वाटल्यास थोडें पाणी शिंपडावें. मग तूप लावलेल्या जाड भांड्यांत दोन बोटें उंचीचा थर थापावा.

आतां गॅसच्या शेगडीवर निखारे कोठून आणावयाचे? भांड्याखालीं लोखंडी तवा ठेवावा, वर घट्ट झांकण घालावें आणि ज्योत अगदीं बारीक करावी. अर्ध्या ते पाऊण तासांत कडा तांबूस होतात. मग वड्या पाडून तव्यावर थोड्या तुपांत दुसरी बाजू भाजून घ्यावी. ज्यांच्याकडे कोळशाची शेगडी आहे त्यांनीं खिडक्या उघड्या ठेवाव्या. कोळशांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाहीं, त्याला वासही नसतो, आणि तो जीव घेतो.

तवसळी फुगत नाहीं, ही तिची उणीव नव्हे. गव्हाचें पीठ मळलें कीं त्यांत एक चिवट जाळें तयार होतें. तें वायु कोंडून ठेवितें आणि पाव फुगतो. (पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, पण गोव्याच्या पदेरांनीं तो फुगविला माडाच्या ताडीनें.) तांदळांत हें जाळें नाहीं. तेथें रव्याचा कण पाणी पिऊन मऊ व्हावा, एवढेंच पाहावयाचें.

हलका केकच हवा असेल तर एक वाटी गव्हाचा बारीक रवा, एक वाटी आंबट दही, पाऊण वाटी साखर व दोन चमचे तूप एकत्र करून अर्धा तास भिजूं द्यावें. भांडें आधीं तापवून ठेवावें, आणि अगदीं शेवटीं पाव चमचा खाण्याचा सोडा मिसळावा. दह्याची आंबट आणि सोडा भेटतांच वायु सुटूं लागतो, म्हणून मिश्रण वाट पाहत ठेवूं नये. अधिक सोड्यानें केक अधिक फुगेल हा समज खोटा आहे. आंबटाहून जास्त झालेला सोडा तसाच उरतो, साबणासारखी चव देतो आणि धान्यांतील ब-१ जीवनसत्त्वाचाही नाश करतो.

खर्चाचा विचार करतांना लोक अंडीं-लोणी मोजतात, इंधन मोजीत नाहींत. वीतभर केकासाठीं मोठी भट्टी तापविणें म्हणजे बहुतांशीं रिकामी हवा तापविणें होय. झांकणाच्या जाड भांड्यांत तापवावयाची जागाच थोडी. त्यासाठीं जुनें, जाड बुडाचें पितळी वा लोखंडी भांडें असेल तर तें मोडींत देऊं नये. पितळेला कल्हई मात्र हवी. पातळ भांड्यांत खालचा भाग करपतो आणि मधला कच्चा राहतो.

तवसळी गरम असतां कापली तर मोडते. कोमट झाल्यावर, सुरीला तूप लावून कापावी. ओल्या खोबऱ्यामुळें ती फार दिवस टिकत नाहीं. केली त्या दिवशीं, लोण्याच्या गोळीबरोबर, ती उत्तम लागते.