तोंड नाही, तरी पन्नाशी पार!

ऑफिसात नजर टाका. कुणाच्या तरी कीचेनवर, मगवर नाहीतर मोबाइलच्या कव्हरवर ती हमखास सापडेल. लाल बो, पिवळं नाक, सहा मिशा आणि तोंड गायब. हॅलो किटी! बॉस, ही बया 1974 ची. आपल्यापैकी बऱ्याच जणांना सीनियर.

मिकी माऊस सिनेमातून आला, डोरेमॉन कॉमिक्समधून. किटी मात्र थेट दुकानात उगवली. जपानच्या सॅनरिओ कंपनीत युको शिमिझूने तिला कागदावर उतरवलं आणि 1975 मध्ये ती आली चिल्लर ठेवायच्या एका छोट्या पर्सवर, किंमत 240 येन. कंपनीचे संस्थापक शिंतारो त्सुजी यांनी आधी रबरी चपलांवर फुलं लावून बघितली होती. चप्पल तीच, पण गोड दिसली की जास्त खपते, हा फंडा त्यांना तिथेच सापडला. गोष्ट नंतर जोडली: लंडनच्या उपनगरात राहणारी किटी व्हाइट, जुळी बहीण मिमी, उंची पाच सफरचंदं. 2014 मध्ये तर कंपनीने सांगून टाकलं की ती मांजर नाहीच, छोटी मुलगी आहे. (मग मिशा कशाला, हे विचारू नका.)

तोंड नसण्याचा मात्र मोठा फायदा. तुम्ही खूश असाल तर ती खूश वाटते, अप्रेझलने वाट लावली असेल तर तीही उदास. पण माझ्या मते खरी कमाल युको यामागुची यांची. 1980 पासून पुढची कित्येक दशकं किटीचं डिझाइन त्यांच्याकडे होतं. त्या चाहत्यांना भेटायच्या, त्यांचं म्हणणं ऐकायच्या आणि किटी बदलायच्या. शाळकरी मुली मोठ्या झाल्या, नोकरीला लागल्या, तर किटीही त्यांच्यामागोमाग टोस्टर, क्रेडिट कार्ड आणि तैवानच्या एव्हा एअरच्या विमानांपर्यंत पोचली. एरवी बाहुल्या माळ्यावर जातात. हिला मालकिणींनी पगारातून पुन्हा विकत घेतलं.

वेड किती? 2000 मध्ये सिंगापूरच्या मॅकडोनाल्ड्समध्ये नवरा-नवरीच्या वेशातल्या किटी आणि डॅनिएलसाठी अशी झुंबड उडाली, की एका ठिकाणी दाराची काच फुटून माणसं जखमी झाली. क्यूट वगैरे ठीक, पण हे जरा अतीच.

2020 मध्ये सॅनरिओची सूत्रं त्सुजींच्या नातवाकडे, 31 वर्षांच्या तोमोकुनीकडे आली. आणि 2024 च्या जूनमध्ये जपानच्या सम्राटांसाठी बकिंगहॅम पॅलेसमध्ये शाही मेजवानी होती, तेव्हा राजे चार्ल्स यांनी भाषणातच किटीला पन्नासाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. लंडनची पोर ना ती!