मेजर, कंबर काय म्हणते?

(जुनं दुखणं, नवी समज : भाग ६)

गेल्या भागात आपण पाहिलं की दुखणं तीन महिन्यांच्या पुढे रेंगाळलं की ते जुनाट धरतात. जखम भरून आलेली असते, पण मज्जासंस्था धोक्याचे इशारे देत राहते. आज हे दुखणं माजी सैनिकाच्या अंगाने पाहू.

जुन्नर-आंबेगावात मिल्ट्रीतून रिटायर होऊन आलेल्या माणसाला, हुद्दा कुठलाही असो, गाव मेजरच म्हणतं. चाळिशीत पेन्शन घेऊन आलेला हा गडी लगेच शेतीला लागतो. वर्षानुवर्षं पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढलेली कंबर आता कांद्याच्या गोण्या उचलते. रात्रीची लाईट आली की बिबट्याच्या धाकात बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, चिखलात वाकून माती ओढायची. सकाळी कंबर धरते, पायाला मुंग्या येतात. मग मेडिकलमधून एक गोळी, कमरेला पट्टा, आणि काम चालू. दुखणं अंगावर काढायची सवय पलटणीतच लागलेली असते.

अशा दुखण्याला एकटा डॉक्टर पुरत नाही, हे ठामपणे मांडलं तेही लष्करात काम केलेल्या डॉक्टरने. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ असलेल्या जॉन बोनिकांना काही जखमी जवानांच्या वेदनेचा उलगडा होईना. हाडांचे, मेंदूचे, मनाचे डॉक्टर एकत्र बसवून एकाच रुग्णावर बोलायला लावलं तर वाट सापडते, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५३ मध्ये त्यांनी वेदनेवरचा मोठा ग्रंथ लिहिला.

पुण्याला हे नवखं नाही. १९४४ पासून इथल्या कृत्रिम अवयव केंद्रात शल्यचिकित्सक, फिजिओथेरपिस्ट आणि पाय घडवणारे कारागीर एकाच जवानासाठी राबतात. हात-पाय गमावलेल्याला जे मिळतं, ते नुसती कंबर गेलेल्यालाही मिळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्याची जखम दिसत नाही, एवढंच.

मग मेजरसाठी कोण कोण हवं? आधी डॉक्टर, जे मणक्यात गंभीर काही नाही ना हे पाहतील आणि रोजच्या गोळीने मूत्रपिंड, रक्तदाब बिघडलाय का ते तपासतील. फिजिओथेरपिस्ट नुसता एक्स-रे पाहून थांबणार नाही. गोणी कशी उचलता, हे समोर करून दाखवायला लावेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि समज देण्यावर भर आहे. पट्टा नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असं ती स्पष्ट सांगते. झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल, संध्याकाळी दारूशिवाय दुखणं थांबत नसेल, तर समुपदेशक हवा. आणि घरची बाई. मेजर डॉक्टरांपुढे "ठीक आहे" म्हणून मोकळे होतात. रात्री किती वेळा उठून बसतात, ते तिलाच ठाऊक असतं.

अडचण अंतराची आहे. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे, पण मोठ्या उपचारासाठी पुणं गाठावं लागतं. दुखऱ्या कमरेने जुन्नरहून नव्वदेक किलोमीटर एसटीत बसायचं, संध्याकाळी तसंच परतायचं. दर आठवड्याला हे कोण करील? व्यायामाची उजळणी गावच्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने घ्यावी, गोळ्यांची तपासणी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात व्हावी, पुण्याच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलणं व्हावं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनच्या १४४१६ क्रमांकावर मन मोकळं करता येतं. सैन्यदलांसाठी याच सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. माणसं आहेत, त्यांना एकमेकांशी जोडणारं कोणी नाही. तोवर हे काम एका फाईलवर सोपवा: लष्करातले वैद्यकीय कागद, सगळे रिपोर्ट आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा तीत ठेवा, आणि प्रत्येक डॉक्टरकडून तीतच लिहून घ्या.

काही बाबतीत मात्र थांबून चालणार नाही. पायातली ताकद अचानक गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, किंवा कंबरदुखीबरोबर ताप आला, तर फाईल शोधत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

(पुढील भागात : पाय नसतानाही दुखणारा पाय)