हृदयातील जन्मजात उणीव

महारोहिणीच्या मुळाशी डावी व उजवी अशा दोन रोहिण्या उगम पावतात आणि हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवितात. क्वचित जन्मतःच यांपैकी एक नसते, किंवा तिचा उगम अन्यत्र होतो. अमेरिकेचे विख्यात बास्केटबॉलपटू पीट मॅराविच व्यावसायिक स्पर्धांत दहा हंगाम खेळले. ५ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या ४० व्या वर्षी, खेळतानाच ते कोसळले. त्यांना डावी रोहिणीच नव्हती, हे शवविच्छेदनानंतर उघड झाले. खेळातील नैपुण्य म्हणजे निरोगी हृदयाची ग्वाही नव्हे. म्हणूनच धावताना मुलाच्या छातीत दुखले वा त्यास भोवळ आली, तर ‘दमला असेल’ असे न म्हणता हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. इकोकार्डिओग्राफी व सीटी अँजिओग्राफीने ही उणीव वेळीच कळू शकते. काहींना शस्त्रक्रियेने जीवदान लाभते.